बारकोड डायरी, नोंद ११: चेक डिजिट पास, पुस्तक भलतंच

मागच्या नोंदीत मी लिहून बसलो होतो की माझा वाचक, म्हणजे बारकोड वाचणारा प्रोग्राम, आता झालाच. ते शब्द गिळतो. गेले तीन आठवडे त्याच 'झालेल्या' वाचकाची चिरफाड करण्यात गेले, आणि आधीच्या दहा नोंदींत आली नाही एवढी मजा त्यात आली.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: फोनवर काढलेल्या फोटोतून बारकोड वाचायचा, तयार लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला प्रोग्राम) वापरायची नाही, आणि त्याच्या जोरावर घरातली पुस्तकं आणि सुट्या भागांच्या डब्या नोंदवायच्या, असा हा उद्योग. तयार लायब्ररी हेच काम डोळ्याचं पातं लवायच्या आत करते हे मला ठाऊक आहे. कृपया पुन्हा कळवू नये.

पद्धत साधी आहे. फोटोतली एक आडवी ओळ घ्यायची, काळं कुठे संपतं आणि पांढरं कुठे सुरू होतं त्या कडा शोधायच्या, मधली अंतरं मोजायची. पुस्तकांवरच्या ईएएन-१३ या तेरा अंकी कोडमध्ये एकूण ९५ मॉड्यूल असतात; मॉड्यूल म्हणजे सगळ्यांत बारीक पट्टीएवढी रुंदी. दोन्ही टोकांच्या राखणपट्ट्या (कोडच्या सीमा दाखवणाऱ्या) तीन-तीन मॉड्यूलच्या, मधली पाचची, आणि तिच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा अंक, प्रत्येकी सात मॉड्यूल. हिशेब मांडला की लक्षात येतं, यात बाराच अंक बसतात. तेरावा, म्हणजे अगदी डावीकडचा पहिला, पट्ट्यांत छापलेलाच नाही! डाव्या अर्ध्यातला प्रत्येक अंक दोन साच्यांपैकी एकात लिहिता येतो. एका साच्यात काळ्या मॉड्यूलची संख्या विषम, दुसऱ्यात सम. कुठल्या जागी कुठला साचा वापरलाय, त्या क्रमातून पहिला अंक ओळखायचा. ९ साठी हा क्रम विषम, सम, सम, विषम, सम, विषम असा येतो.

याच युक्तीचा दुसरा फायदा मला उशिरा उमगला. उजव्या अर्ध्यातल्या सगळ्या अंकांत काळ्या मॉड्यूलची संख्या सम असते. पुस्तक उलटं धरलं की तेच डावीकडून आधी येतात आणि सहाच्या सहा सम दिसतात, आणि तसा क्रम कुठल्याच अंकाला दिलेला नाही. म्हणजे 'मला उलटं धरलंय' हे कोड स्वतःच सांगतो. त्यासाठी मी वेगळा ऐंशी ओळींचा प्रोग्राम लिहून ठेवला होता. पुसून टाकला. पुसताना जरा वाईट वाटलं.

आता घोळ.

४१२ पुस्तकं वाचून झाली आणि त्यातलं एक कुठल्याच यादीत सापडेना. वाचकाच्या मते क्रमांक ९७२०७ ने सुरू होत होता आणि चेक डिजिट, म्हणजे वाचन बरोबर आहे का ते तपासायचा शेवटचा अंक, चोख जुळत होता. पण पुस्तकाचा क्रमांक ९७८ किंवा ९७९ नेच सुरू व्हायला हवा. बाकीचे सुरुवातीचे आकडे बहुतेक देशोदेशीच्या संस्थांना वाटून दिलेत. पुस्तकांना मात्र स्वतःचा काल्पनिक देश मिळाला, त्याला गमतीने 'बुकलँड' म्हणतात. ९७२ त्या देशाचा नव्हे. पुस्तक हातात घेऊन पट्ट्यांखालचे अंक वाचले: ९७८०१.

दोन अंक चुकले होते. तिसऱ्या जागी ८ चा २ झाला आणि पाचव्या जागी १ चा ७. चेक डिजिटसाठी अंकांना डावीकडून १, ३, १, ३ असं आळीपाळीने गुणून बेरीज करतात, आणि ती १० च्या पटीत आली की कोड पास. तिसरी आणि पाचवी, दोन्ही जागांचं वजन १. एकीकडे ६ कमी, दुसरीकडे ६ जास्त. बेरीज जागच्या जागी.

पहिल्यांदा वाटलं हा निव्वळ योगायोग. नव्हता. मी अंतरं मोजताना एका पट्टीच्या डाव्या कडेपासून पुढच्या पट्टीच्या डाव्या कडेपर्यंत, मग उजवीपासून उजवीपर्यंत, अशी मोजत होतो. पद्धत चांगलीच आहे: शाई पसरून सगळ्या पट्ट्या जाड झाल्या तरी सारख्या कडांमधलं अंतर तेवढंच राहतं. पण एक किंमत मोजावी लागते. विषम साच्यात १ म्हणजे मोकळं २, काळं २, मोकळं २, काळं १. आणि ७ म्हणजे १, ३, १, २. शेजारशेजारच्या दोन-दोन मापांची बेरीज करून बघा: दोघांचीही ४, ४, ३. तसेच २ आणि ८ हेही या मापाने जुळे भाऊ. २, १, २, २ आणि १, २, १, ३ यांच्या बेरजा ३, ३, ४. बाकीचे सहा अंक वेगळे ओळखू येतात, या चौघांसाठी मात्र पट्टीची जाडी बघावीच लागते. म्हणजे जी जाडी विश्वासाची नाही म्हणून एवढा खटाटोप केला, तिच्याकडेच परत जायचं.

विषम साच्यात १ आणि २ बारीक, ७ आणि ८ जाड. सम साच्यात बरोबर उलट. फोटो संध्याकाळच्या उजेडात काढलेला, आणि काळं-पांढरं ठरवायची माझी सीमा ठरीव, त्यामुळे प्रत्येक पट्टी अर्ध्या मॉड्यूलपेक्षा जास्त फुगली होती. विषम साच्यातला १ फुगून ७ झाला, सम साच्यातला ८ फुगून २ झाला. एकाच कारणाने झालेल्या दोन चुका उलट दिशांना गेल्या आणि एकमेकींना पाठीशी घातलं.

माझ्याकडे मतदानसुद्धा होतं बरं का. एका फोटोतल्या पंधरा ओळी वाचायच्या आणि बहुमत घ्यायचं. पंधराच्या पंधरा ओळींनी एकमताने चुकीचा क्रमांक दिला. सगळ्यांना एकाच अंधाराने फसवलेलं असेल तर मतं मोजून काय होणार?

उपाय राखणपट्ट्यांत सापडला. त्यांतली प्रत्येक पट्टी आणि प्रत्येक फट नेमकी एका मॉड्यूलची असते. काळी दीड आणि फट अर्धी भरली, तर अर्धा मॉड्यूल फुगवटा आहे हे उघड. तेवढा आधी वजा करायचा आणि मगच १-७, २-८ चा निवाडा करायचा. शिवाय ठरीव सीमा काढून टाकली. आता आसपासच्या उजेडाची सरासरी घेऊन ती जागोजाग ठरते. तोच फोटो पुन्हा दिला: ९७८०१. बरं वाटलं.

शाईच्या पसरण्यावरून एक जुनी गोष्ट. जोसेफ वुडलँडना बारकोडची कल्पना मायामीच्या किनाऱ्यावर वाळूत बोटं ओढताना सुचली. तारायंत्राच्या मोर्स लिपीतल्या टिंब-रेघा खाली ओढल्या की बारीक आणि जाड पट्ट्या होतात. १९५२ मध्ये त्यांना आणि बर्नार्ड सिल्व्हरना पेटंट मिळालं, आणि त्यात एकात एक वर्तुळांचं, नेमबाजीच्या लक्ष्यासारखं रूपही होतं. कुठूनही वाचता यावं म्हणून. पण छपाईत कागद ज्या दिशेने धावतो त्या दिशेने शाई ओढली जाते आणि वर्तुळं फरफटतात. पुढे आयबीएममध्ये जॉर्ज लॉरर यांनी उभ्या पट्ट्यांचा आग्रह धरला. पट्ट्या कागदाच्या धावेच्या दिशेने ठेवल्या की ओढलेली शाई त्यांची लांबी वाढवते, जाडी नाही, आणि माहिती तर जाडीतच असते. २६ जून १९७४ ला ओहायोतल्या ट्रॉय गावी च्युइंगमचं पाकीट स्कॅन झालं ते याच पट्ट्यांचं.

हाताने टाइप करायच्या पुस्तकांचंही थोडं सांगतो. जुन्या पुस्तकांवर पट्ट्या नाहीत, फक्त दहा अंकी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा क्रमांक. तेरा अंकी आयएसबीएन १ जानेवारी २००७ पासून आला. मी जुना क्रमांक टाइप करून थेट ९७८ लावून तेरा अंकी करत होतो. हा गाढवपणा. दहा अंकी क्रमांकाचा हिशेब ११ ने भागून होतो (म्हणून शेवटी कधी कधी एक्स येतो, तो म्हणजे १०), आणि शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर तो दर वेळी पकडतो. तेरा अंकीचा हिशेब १० चा. शेजारच्या अंकांत ५ चा फरक असेल तर अदलाबदल त्याला कळतच नाही. २७ चं ७२ करून बघा: २ + २१ = २३, ७ + ६ = १३, शेवटचा अंक तोच. शेजारच्या दोन वेगळ्या अंकांच्या ९० जोड्यांपैकी १० अशा निसटतात. तेव्हा आधी जुन्या नियमाने तपासा, मग रूपांतर करा. नवीन म्हणजे जास्त कडक असं नसतं.

डब्यांची लेबलं कोड १२८ या दुसऱ्या प्रकारच्या बारकोडमध्ये केली. माझे क्रमांक सहा अंकी आहेत, आणि त्यातल्या सी नावाच्या चिन्हसंचात दोन-दोन अंक एका चिन्हात बसतात. त्यामुळे सुरुवात, तीन जोड्या, चेक आणि शेवट मिळून ६८ मॉड्यूल. तेच एका चिन्हात एकच अंक बसवणाऱ्या बी संचात १०१ झाले असते. पाव मिलिमीटरच्या मॉड्यूलने पट्ट्या १७ मिलिमीटर. लेबल छान दिसावं म्हणून मी दोन्ही बाजूंचं कोरं कापून टाकलं, आणि एकही डबी वाचली जाईना. तिथे दहा-दहा मॉड्यूल कोरं राहू द्यायचं असतं. कात्री ड्रॉवरमध्ये परत गेली.

डब्या आम्ही तिघं मित्र आपसात फिरवतो. कुठली कोणाची यावर वाद होतात म्हणून मी क्यूआर लावला: डबीचा क्रमांक आणि माझ्याकडच्या गुप्त किल्लीने काढलेला आठ अक्षरी ठसा. क्रमांक बदलला की ठसा जुळणार नाही. मोठ्या ऐटीत दाखवलं. मित्राने काही न बोलता लेबलाची झेरॉक्स काढली, दुसऱ्या डबीवर चिकटवली आणि म्हणाला, "घे, तपास." हिरवी खूण आली. ठसा खरा, डबी खोटी. हा क्रमांक मीच दिलाय एवढंच ठसा सांगतो. तो कशावर चिकटवलाय ते त्याला कसं कळणार? आता प्रत्येक स्कॅनची वेळ आणि कोणी केला ते नोंदवतो. एकच क्रमांक एकाच दुपारी दोघांकडे दिसला की लाल खूण. झेरॉक्स त्यात पकडली जाते, पण अस्सल कुठली आणि नक्कल कुठली ते अजूनही डबी उघडूनच बघावं लागतं. मित्र खूश आहे.

उरलेलं काम: तो ९७२ सापडल्यावर ४१२ ही पुस्तकं पुन्हा वाचावी लागणार म्हणून धास्तावलो होतो. मग कागदावर मांडून पाहिलं. ९७८ मधला ८ नेहमी सम साच्यात, म्हणजे बारीक. पट्ट्या प्रमाणाबाहेर फुगल्या की तोच २ होतो आणि सुरुवातीलाच ९७२ दिसतं. मधला ७ विषम साच्यात, जाड. फोटोत उजेड जास्त होऊन पट्ट्या झिजल्या तर त्याचा १ होतो, म्हणजे ९१८. सावली कोडच्या एकाच बाजूला पडलेली नसेल, तर ९७८ नीट वाचलं गेलेली पुस्तकं या घोळातून सुटली. ९७९ वाल्यांना मात्र ८ चं राखण नाही. अशी सहाच निघाली आहेत. चार झाली, चारही बरोबर. उरलेली दोन कोणीतरी वाचायला नेली आहेत, आणि त्याची नोंद मी केलेली नाही.