मागच्या दाराची किल्ली : माझा अनुभव

सुट्टीतील मुलांच्या संमेलनासाठी आम्ही एक सार्वजनिक सभागृह घेतले होते आणि आगीपासून सुरक्षिततेची जबाबदारी माझ्याकडे होती. आरक्षण आणि वीजतपासणी ही कामे दोन दिवसांत पार पडली. एका कुलुपाने मात्र माझे अकरा दिवस खाल्ले, आणि तो संताप अजूनही शमलेला नाही.

रंगमंचाच्या डावीकडे, जाड पडद्यामागे, आपत्कालीन दार होते. पडदा सारला तेव्हा दिसले की कडीत साखळी ओवलेली आहे, साखळीला गंजलेले कुलूप आहे आणि दारापुढे मोडक्या खुर्च्यांची थप्पी रचलेली आहे. खुर्च्या आम्ही त्याच संध्याकाळी हलवल्या. किल्ली कार्यालयात मागितली, तर लिपिक म्हणाले, ती पहारेकऱ्याकडे असेल. पहारेकऱ्याने सांगितले, आधीच्या माणसाने ती कार्यालयातच जमा केली आहे. मग लेखी अर्ज द्यायला सांगितले. मी अर्ज दिला, पण पोच घेतली नाही, ही माझी मोठी चूक झाली, कारण चौथ्या दिवशी तो अर्ज कोणालाच सापडेना. तुम्ही अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

व्यवस्थापक रजेवरून परतले तेव्हा त्यांनी कारण सांगितले : ते दार उघडे राहिले तर प्रवेशपास नसलेले लोक आत शिरतात. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. ३० डिसेंबर १९०३ रोजी, नाताळच्या सुट्टीत, शिकागोच्या इरोक्वॉय नाट्यगृहात दुपारच्या खेळाला मुख्यतः बायका आणि मुले आली होती. आग लागली तेव्हा काही दारे कुलूपबंद होती, काही पडद्यांआड दडलेली होती, आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. १९४२ साली बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबमध्ये फिरते दार गर्दीने अडकले, बाजूची दारे बंद होती, आणि ४९२ जणांचा जीव गेला. हे सारे मी दुसऱ्या अर्जात लिहिले आणि दार आतून किल्लीविना उघडलेच पाहिजे, ही मागणी ठळक अक्षरांत मांडली.

त्या दिवसांत हात रिकामे ठेवणे मला शक्य नव्हते, म्हणून बाकीच्या वस्तू तपासल्या. एका अग्निशामक नळकांड्याचा दाब दाखवणारा काटा हिरव्या पट्ट्याखाली उतरलेला होता. ते बदलून घेतले आणि स्वयंसेवकांना पिन ओढून फवारा ज्वाळेच्या मुळाशी कसा धरायचा ते शिकवले. रोषणाईसाठी आणलेली जोडवायर रिळावर गुंडाळलेली असतानाच चालू होती. हात लावला तर रीळ चांगलेच तापले होते. भार मोठा असेल तर अशी वायर पूर्ण उलगडूनच वापरावी, नाहीतर उष्णता आतच कोंडते. घरासाठीही एक सांगते, कारण सुट्टीत स्वयंपाकघरात वर्दळ वाढते : कढईतले तेल पेटले तर पाणी ओतू नका, ते तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होते आणि पेटते तेल चहूकडे उडते. शेगडी बंद करा, वर झाकण सरकवा आणि कढई गार होईपर्यंत ते उचलू नका.

अकरावा दिवस उजाडला तरी किल्ली सापडलीच नाही. व्यवस्थापकांनी करवतीने कुलूप कापायला लावले. तरीही दार हलेना, कारण रंगाचे थर चौकटीला चिकटले होते. पहारेकऱ्याने आणि मी मिळून खांदा लावला, तेव्हा पापुद्रे तडतडत सुटले आणि बाहेरचा उजेड थेट रंगमंचावर आला. मला रडूच कोसळले. संमेलनात दोन स्वयंसेवक शेवटपर्यंत त्या दाराशी उभे होते. आतून ढकलताच उघडणारी दांडी तेथे कायमची बसवावी, असा तिसरा अर्ज मी दिला आहे; त्याची पोच माझ्याकडे आहे, उत्तर अजून यायचे आहे.