व्हीएसएनएल: समुद्री तारांपासून टाटा कम्युनिकेशन्सपर्यंत

पुण्याजवळच्या दिघी इथे पाचशेहून अधिक एकर जमीन कित्येक दशके एका दूरसंचार कंपनीच्या ताब्यात होती, असे सांगितले की ऐकणारा हटकून विचारतो, टेलिफोनवाल्यांना एवढी जमीन कशाला? याचे उत्तर लघुलहरींच्या, म्हणजे शॉर्टवेव्ह रेडिओच्या, प्रक्षेपणात आहे. या लहरींचा झोत हजारो किलोमीटरवर नेमका पोचवायचा, तर उंच मनोऱ्यांवर ताणलेल्या तारांच्या लांबच लांब रांगा उभाराव्या लागतात, आणि त्यांना मोकळे रान लागते. विदेश संचार निगम लिमिटेड, म्हणजे आपण सगळे जिला व्हीएसएनएल म्हणत आलो आणि जिचे नाव आता टाटा कम्युनिकेशन्स आहे, त्या कंपनीची मुळे अशा मनोऱ्यांत आणि त्याहूनही आधीच्या समुद्री तारांत आहेत. तिची गोष्ट १९९५ सालच्या इंटरनेटपासून सांगायला सुरुवात करण्याची रीत पडली आहे. माझ्या मते त्यामुळे ही कंपनी मुळात कोणत्या धंद्यात होती, हेच नजरेआड होते. तिचा धंदा देशाच्या वेशीवरचा होता. भारतातून बाहेर जाणारा आणि बाहेरून आत येणारा शब्द तिच्या हातून जात असे, आणि घराघरांतला टेलिफोन दुसऱ्याच कुणाचा असे.

१८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजाने एडनमार्गे सुएझ आणि मुंबई यांना जोडणारी तार समुद्रतळाशी टाकली. आत तांबे, त्याभोवती गटापर्चा या झाडाच्या चिकाचे वेष्टण आणि त्यावर लोखंडी तारांचे चिलखत, अशी तिची घडण होती. त्यापूर्वी इराणच्या आखातातून आणि तुर्कस्तानच्या भूमीवरून जाणारी तारेची वाट होती. पण वाटेत ठिकठिकाणी संदेश पुन्हा उतरवून घ्यावा लागे आणि इंग्रजीचा गंध नसलेल्या तारमास्तरांच्या हातून तो पोचेपर्यंत त्याचा पार चोथा होई. समुद्री तारेने लंडन आणि मुंबईमधला हा गोंधळ संपवला. १८७२ मध्ये या मार्गावरच्या कंपन्या एकत्र येऊन ईस्टर्न टेलिग्राफ कंपनी झाली आणि पुढची पन्नासहून अधिक वर्षे तिला तुल्यबळ प्रतिस्पर्धी भेटला नाही.

तो प्रतिस्पर्धी १९२७ मध्ये बिनतारी झोताच्या रूपाने आला. मार्कोनी कंपनीच्या तंत्राने खडकी आणि दौंड इथे केंद्रे उभी राहिली. खडकीहून संदेश इंग्लंडला जाई आणि तिकडून आलेला दौंडला पकडला जाई. समुद्राच्या तळाशी तांबे अंथरण्याच्या मानाने ही यंत्रणा इतकी स्वस्त होती, की तारवाल्या कंपन्यांचे गिऱ्हाईक भराभर तुटू लागले. अखेर ब्रिटिश साम्राज्याच्या पातळीवर दोन्ही पक्षांचे विलीनीकरण घडवून आणावे लागले, आणि त्याच धर्तीवर १९३२ मध्ये भारतात इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स ही कंपनी तयार झाली. पुढच्याच वर्षी मुंबई आणि लंडन यांच्यात बिनतारी टेलिफोन सुरू झाला. १ जानेवारी १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या साडेसात महिने आधी, सरकारने ही कंपनी ताब्यात घेतली आणि तिचे ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस असे सरकारी खाते केले. जुनी माणसे त्याला ओसीएस म्हणत.

लघुलहरींचा मोठा दोष असा, की त्या आकाशाच्या लहरीवर चालतात. वातावरणाच्या वरच्या थरात उलथापालथ झाली की आवाज विरत जाई, खरखर वाढे, आणि बुक केलेला कॉल तासन्‌तास खोळंबे. यातून सुटका केली ती जुन्नर तालुक्यातल्या आर्वीने. (वर्धा जिल्ह्यातली आर्वी ती वेगळी.) नारायणगावजवळच्या या गावात सुमारे ३० मीटर व्यासाची तबकडी बसवून भारताचे पहिले व्यापारी उपग्रह भूकेंद्र उभारण्यात आले आणि हिंदी महासागरावरच्या इंटेलसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या उपग्रहामार्फत ते जगाशी जोडले गेले. उपग्रहाकडून येणारा संकेत अतिशय क्षीण असतो आणि आसपासच्या रेडिओ गोंगाटात तो सहज बुडून जातो. डोंगरांच्या आडोशाला असलेली अशी शांत जागा त्यासाठीच हवी असते. हे केंद्र उभे राहण्यामागे विक्रम साराभाई यांचा मोठा वाटा होता. डिसेंबर १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि केंद्राला त्यांचेच नाव देण्यात आले. याच परिसरात पुढे खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण आली, हा निव्वळ योगायोग आहे असे मला वाटत नाही.

उपग्रहावरच्या कॉलची एक गंमत त्या काळात परदेशी फोन केलेल्यांना आठवत असेल. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असल्यामुळे आपला शब्द पलीकडे पोचायला पाव सेकंद आणि उत्तर यायला आणखी पाव सेकंद लागे. तेवढ्या शांततेत माणूस बिचकून पुन्हा ‘हॅलो’ म्हणे, त्याच क्षणी पलीकडचे उत्तर येऊन थडके आणि दोघेही एकदम थांबत. घड्याळावर नजर ठेवून बोलणाऱ्यांच्या मिनिटांतला बराचसा भाग अशा हॅलोंतच खर्ची पडे.

१९८१ मध्ये मद्रास ते मलेशियातले पेनांग ही समुद्री टेलिफोन केबल आली. १ एप्रिल १९८६ रोजी ओसीएसचे विदेश संचार निगम या सरकारी कंपनीत रूपांतर झाले, आणि १९९४ मध्ये सी-मी-वी २ या आग्नेय आशिया, मध्यपूर्व आणि पश्चिम युरोप यांना जोडणाऱ्या प्रकाशतंतूंच्या केबलचे टोक मुंबईला लागले.

मग १५ ऑगस्ट १९९५ उजाडला. शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्थांना अर्नेट या त्यांच्यासाठीच्या सरकारी जाळ्यामार्फत इंटरनेट आधीच मिळत होते. जुहूच्या एनसीएसटी (नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी) या संस्थेने त्यात मोलाचे काम केले होते. सर्वसामान्य ग्राहकासाठी मात्र दार उघडले ते निगमाच्या ‘गेटवे इंटरनेट अ‍ॅक्सेस सर्व्हिस’ने. विद्यार्थ्यांना स्वस्तात मिळणारे ‘शेल अकाउंट’ म्हणजे काळ्या पडद्यावर निव्वळ अक्षरे: टपालासाठी पाइन हा प्रोग्राम, वेबसाठी लिंक्स हा प्रोग्राम, आणि चित्राच्या जागी कंसात लिहिलेला ‘इमेज’ हा शब्द. ग्राहक कोणत्या शहरातला, हे ईमेलच्या पत्त्यावरूनच कळे. मुंबईकराच्या पत्त्यात ‘जीआयएएसबीएम०१’ असे, तर पुणेकराच्या पत्त्यात ‘जीआयएएसपीएन०१’. सुरुवातीचे महिने खडतर गेले. मागणी अंदाजापेक्षा फार मोठी निघाली, मोडेम अपुरे पडले, जुन्या टेलिफोन लाइनींवर जोडणी टिकेना, आणि तेव्हाचे अध्यक्ष बी. के. सिंगल यांना वर्तमानपत्रांतून भरपूर बोलणी खावी लागली. त्यांनी नियोजनातल्या चुका उघडपणे मान्य केल्या, ही सरकारी कंपनीच्या प्रमुखासाठी विरळाच गोष्ट होती.

तरीही निगमाची खरी कमाई इंटरनेटची नव्हतीच. ती होती परदेशी टेलिफोन कॉलची. भारतातून बाहेर जाणाऱ्या कॉलपेक्षा आखातातून आणि अमेरिकेतून इकडे येणारे कॉल कितीतरी जास्त होते, आणि अशा प्रत्येक मिनिटामागे परदेशी कंपन्या निगमाला परकीय चलनात पैसे मोजत. एकाधिकारामुळे ही वसुली बिनघोर चालली होती. १९९८ च्या अखेरीस इंटरनेट सेवा खासगी कंपन्यांना खुली झाली. १ एप्रिल २००२ पासून परदेशी कॉलचा मक्ताही संपला. त्याच्या दोनच महिने आधी, फेब्रुवारीत, सरकारने निगमाचा २५ टक्के हिस्सा टाटा समूहाला १,४३९ कोटी रुपयांना विकला होता. दिघीसह ठिकठिकाणची मिळून ७७३ एकर जमीन या व्यवहारातून वगळली गेली आणि ती वेगळी काढण्याचे घोंगडे पुढे दीड दशकाहून जास्त काळ भिजत पडले.

२००२ चा हा सौदा सर्वांच्या लक्षात आहे. माझ्या लेखी त्याहून मोठा निर्णय २००४ चा आहे. डॉटकॉमच्या तेजीत टायको या कंपनीने अब्जावधी डॉलर ओतून सुमारे ६०,००० किलोमीटर लांबीचे समुद्री केबलचे जाळे विणले होते आणि तेजीचा फुगा फुटल्यावर ते ओझे होऊन बसले होते. ते व्हीएसएनएलने अवघ्या १३ कोटी डॉलरमध्ये घेतले. खोल समुद्रातली केबल बागेतल्या पाण्याच्या नळीएवढी असते: केसासारख्या काचतंतूंच्या काही जोड्या, भोवती पोलादी तारा, वीज वाहून नेणारी तांब्याची नळी आणि वर पॉलिथिनचे जाड आवरण. ठरावीक अंतरावर प्रकाश वाढवणारी यंत्रे असतात आणि त्यांना लागणारी वीज किनाऱ्यावरून याच तांब्यातून जाते. पाठोपाठ कॅनडाची टेलिग्लोब ही कंपनीही व्हीएसएनएलने विकत घेतली आणि परदेशी कॉलच्या घाऊक बाजारात ती एकदम वरच्या रांगेत जाऊन बसली. वेशीवरची जकात बंद होताच रस्तेच विकत घेण्याची ही हिंमत होती, आणि भाव पडलेले असताना ती दाखवली गेली यातच तिचे शहाणपण आहे. २००८ मध्ये कंपनीचे नाव टाटा कम्युनिकेशन्स झाले.

त्याच वर्षी जानेवारीत इजिप्तच्या किनाऱ्याजवळ दोन केबल तुटल्या आणि भारताचा पश्चिमेकडचा इंटरनेट पुरवठा रातोरात रोडावला. पृथ्वीला वळसा घालणाऱ्या जाळ्याची किंमत तेव्हा कळली, कारण पश्चिमेची वाट बंद पडली तर वाहतूक पूर्वेकडून पॅसिफिकमार्गे वळवता येते. कंपनीने २०१२ मध्ये स्वतःच्या मालकीचे असे कडे पूर्ण केले. मार्च २०२१ मध्ये सरकारने आपला उरलेला २६ टक्के हिस्साही विकला.

आता परदेशी कॉल व्हॉट्सअ‍ॅपवर फुकट होतात आणि कंपनीचे बहुतेक उत्पन्न उद्योगांना दिल्या जाणाऱ्या डेटा सेवांतून येते. तिच्यापुढचा नवा पेच मात्र समुद्रातलाच आहे. गूगल आणि मेटा यांच्यासारख्या ज्या कंपन्या अशा केबलवरची क्षमता भाड्याने घेत असत, त्या आता स्वतःच्या केबल टाकू लागल्या आहेत.