काय वाढलं?

निरोप समारंभात इंग्रजीतून बोलायची हौस माझीच. भाषण तोंडपाठ, आवाज खणखणीत, आणि तिसऱ्याच वाक्याला मी म्हणालो, 'अवर टीचर्स हॅव एक्झॅजरेटेड अवर नॉलेज.' गुरुजनांनी आमच्या ज्ञानात भर घातली, एवढंच मला सांगायचं होतं. समानार्थी शब्दांच्या यादीत 'इन्क्रीज'च्या शेजारीपाजारी जो सगळ्यात भारदस्त दिसला, तो शब्द मी उचलला होता. शिक्षकांच्या रांगेत खसखस पिकली. इंग्रजीच्या बाई तेवढ्या गंभीर राहिल्या, पण फार वेळ नाही.

दोष त्यांच्या शिकवण्याचा मुळीच नव्हता. मराठीत एक 'वाढवणे' हाताशी असलं की बरंच भागतं. मुदत वाढवा, आवाज वाढवा, वेग वाढवा, भांडण वाढवा. इंग्रजीत तसं चालत नाही, म्हणून बाई अर्थ सांगण्याआधी विचारायच्या, 'वाढलं काय?' संख्या किंवा प्रमाण वाढलं तर इन्क्रीज, आकार वाढला तर एन्लार्ज, मुदत पुढे गेली तर एक्स्टेंड, चहूकडे पसरलं तर एक्स्पांड. हे घोकून जमतं. मॅग्निफायसाठी मात्र त्या भिंग घेऊन आल्या. माझ्याच पुस्तकातल्या एका अक्षरावर ते धरलं आणि विचारलं, 'काय झालं?' मी म्हणालो, 'अक्षर मोठं झालं.' त्यांनी भिंग उचललं. 'झालं, की दिसलं?' अक्षर होतं तेवढंच होतं. तो शब्द मी पुन्हा कधी चुकलो नाही.

एन्हान्सचं आणि माझं अजून नीट जुळलेलं नाही. दर्जा, शोभा, किंमत, गुण असं काही चांगलं वाढलं तर तो चालतो. अ‍ॅग्रव्हेट नेमका उलटा, त्याच्या वाट्याला दुखणी आणि तंटे. त्याच्या पोटात लॅटिनमधला 'जड' आहे, ग्रॅव्हिटीतलाच. मला सर्वांत आवडला तो ऑगमेंट. संस्कृतच्या तासाला 'गच्छति'चं 'अगच्छत्' करताना पुढे जो 'अ' लागतो, त्याला इंग्रजीतून लिहिलेल्या संस्कृत व्याकरणात ऑगमेंटच म्हणतात, हे बाईंनी सांगितलं तेव्हा दोन तासांमधली भिंतच पडल्यासारखं वाटलं. लिलावाचा ऑक्शनही त्याच मुळाचा. तिथे बोली वाढत जाते. एस्कलेट त्या मानाने कालचं पोर. आधी सरकत्या जिन्याला एस्कलेटर हे नाव पडलं, त्यातून मागाहून हे क्रियापद निघालं. भांडणाला तो शब्द फार शोभतो असं माझं मत. एकदा पाय ठेवला की पायऱ्या आपण चढाव्या लागत नाहीत.

आणि एक्झॅजरेट? लॅटिन 'अगेर' म्हणजे ढीग. ढिगावर ढीग रचायचा, म्हणजे आपला राईचा पर्वत. हे मला समारंभानंतर कळलं, बाईंनी भाषणाचा कागद मागून घेतला तेव्हा. त्यांनी लाल पेन्सिलीने 'एक्झॅजरेटेड' खोडलं, वर 'एन्लार्ज्ड' लिहिलं, थोडा विचार करून तेही खोडलं आणि 'ब्रॉडन्ड' केलं. कागद माझ्या हातात देता देता परत ओढला आणि समासात बारीक अक्षरांत लिहिलं, 'थोडंफार.'