सोन्याच्या इलेक्ट्रोडवर डीएनए बसवणं – माझा अनुभव

एमएस्सी झाल्यावर खारघरच्या एका लॅबमध्ये डीएनए सेन्सरवर (सोन्यावर बसवलेल्या डीएनएला जुळणारा डीएनए आला की ओळखणारं साधन) काम करतेय. नवीन येणारी मुलं हमखास विचारतात, ताई डीएनए सोन्याला आपोआप चिकटतो ना, मग एवढा खटाटोप कशाला? चिकटतो, पण कसा चिकटतो यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

आमचे स्ट्रँड, म्हणजे डीएनएचे धागे, छोटे, वीस-पंचवीस बेसचे (बेस म्हणजे डीएनएची ए, टी, जी, सी ही अक्षरं), सिंगल, एका टोकाला थायॉल (सल्फर असलेला गट) लावलेले. थायॉलमधलं सल्फर सोन्याला घट्ट धरतं, म्हणजे ते टोक खाली आणि बाकीचा स्ट्रँड वर मोकळा असं आपल्याला हवं असतं. पण बेसनाही सोन्याची ओढ असतेच, ॲडेनिनला सगळ्यात जास्त, थायमिनला सगळ्यात कमी, मग स्ट्रँड वाऱ्याने आडव्या झालेल्या भातासारखे लोळतात आणि जोडीदार स्ट्रँड आला तरी त्याच्याशी जुळायला बेस मोकळेच नसतात.

सगळ्यात जास्त वेळ सफाईला जातो आणि तो द्यायलाच हवा. ॲल्युमिना पावडरवर (शेवटची ०.०५ मायक्रॉनची) आठचा आकडा काढत पॉलिश, मग सोनिकेशन (ध्वनिलहरींनी धुणं), मग ०.५ मोलर सल्फ्युरिक ॲसिडमध्ये सीव्ही (सायक्लिक व्होल्टॅमेट्री, व्होल्टेज पुढे-मागे नेत करंट मोजणं) फिरवत राहायची, ग्राफ एकावर एक तंतोतंत बसेपर्यंत. परतीच्या स्कॅनमध्ये ०.९ व्होल्टच्या आसपास (सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या तुलनेत) गोल्ड ऑक्साइडचा पीक (ग्राफमधलं टोक) टोकदार उतरला की सोनं तयार. हा पीक बघायला मला अजूनही फार आवडतं, शिवाय त्याच्या चार्जवरून पृष्ठभागाचं खरं क्षेत्रफळही काढता येतं.

मग टीसेप या रसायनाने डायसल्फाइड (दोन सल्फरमधला बंध) तोडून घेतलेल्या डीएनएचा छोटा थेंब उलट्या धरलेल्या इलेक्ट्रोडवर. आमच्या एसी रूममध्ये थेंब बघता बघता सुकतो, म्हणून वर ट्यूबचं झाकण आणि डब्यात ओला टिश्यू. बफरमध्ये (डीएनएच्या द्रावणात) मीठ भरपूर, १ मोलरच्या घरात, कारण डीएनएच्या कण्यातला प्रत्येक फॉस्फेट निगेटिव्ह, स्ट्रँड एकमेकांना ढकलतात, मिठाने ते ढकलणं कमी होतं आणि जास्त स्ट्रँड मावतात.

खरी जादू त्यानंतरच्या एमसीएचची, म्हणजे मर्कॅप्टोहेक्झॅनॉल. १९९७ मध्ये हर्न आणि टार्लोव्ह यांनी दाखवलं की हा छोटा थायॉल बेसच्या जोरावर चिकटलेले स्ट्रँड उचकटतो, मोकळी जागा भरतो आणि थायॉलने बांधलेले स्ट्रँड उभे राहतात. १ मिलिमोलर, साधारण तासभर. माझ्या मते ही पायरी घाईत उरकणं म्हणजे सगळ्या पॉलिशवर पाणी.

आता किती बसले ते कसं कळणार? फेरोसायनाइडच्या द्रावणात मोजलं की प्रवाहाला होणारा अडथळा वाढलेला दिसतो, पण स्ट्रँड उभे की आडवे ते त्यातून कळत नाही. मला भरवसा रुथेनियम हेक्झामिनचा, तीन पॉझिटिव्ह चार्जचा आयन फॉस्फेटवर जाऊन बसतो, चार्ज मोजला की स्ट्रँडची गणती, दर चौरस सेंटीमीटरला काही लाख कोटी. फार दाटी झाली तरी जोडीदार आत शिरू शकत नाही, त्यामुळे जास्त म्हणजे चांगलं असं इथे चालत नाही.

न जुळणारा स्ट्रँड टाकला, चार्ज जागचा हलला नाही, मग जुळणारा टाकला आणि आकडा सरळ वर गेला, तेव्हा आमची सिनिअर ताई म्हणाली, आता हेच दुसऱ्या इलेक्ट्रोडवर परत करून दाखव. तेच चालू आहे.