गाडीला अर्थच नाही

साताऱ्यात पोवई नाक्यावर चहाला थांबलो की कुणीतरी जीपभोवती फेरी मारतं, बॉनेटवर थाप देतं आणि विचारतं, "काका, आमच्याकडंबी वडलांची अशीच उभी आहे, पण चालूच होत नाही. काय बदलू?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगतो : अजून काही बदलू नका. मी बदलून बसलोय.

माझी जुनी पेट्रोलची जीप, सीजे थ्री बी मॉडेल, उंच नाकाची. तिच्या हरिकेन इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं. लोकांना ते बोजड वाटतं, मला रुबाबदार. काही वर्षांपूर्वी ती पूर्ण खोलून, चासी घासून रंगवून घेतली. रंग असा बसला की तोंड बघावं. आणि त्याच आठवड्यापासून सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर) मारला की इंजिन कण्हायला लागलं. घर्र... घर्र... बंद. नवी बॅटरी घेतली. तेच. सेल्फ उतरवून आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा तारांचा गाभा, भरून घेतलं, कार्बन बदलले. तेच.

शेवटी करंजे भागातले एक वायरिंगवाले चाचा आले. त्यांनी एक नटसुद्धा सोडला नाही. जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं इंजिनाच्या उघड्या बोल्टला, आणि म्हणाले, "मारा." पहिल्या फेऱ्यात इंजिन चालू! चाचा हात पुसत म्हणाले, "साहेब, गाडीला अर्थच नाही राहिला."

अर्थ म्हणजे अर्थिंग, करंट बॅटरीकडं परत जायची वाट. त्या अर्थची पट्टी चासीला जिथं आवळतात तिथं तो देखणा रंग लागला होता. गंमत म्हणजे हेडलाईट लख्ख लागायचे, हॉर्न वाजायचा. त्यांना पाच-दहा अँपिअर पुरतात. सेल्फ दीड-दोनशे ओढतो. सांध्यात ओहमच्या शंभराव्या भागाएवढा अडथळा असला, तरी दोनशे अँपिअरला दोन व्होल्ट तिथंच खर्ची पडतात. पॉलिशपेपर आणि पाच मिनिटं, एवढंच काम होतं. बॅटरी आणि आर्मेचरचे पैसे मात्र गेले ते गेले.

अमेरिकेत १९३२ सालच्या फोर्डमध्ये दुसरं दणकट इंजिन घालून पळवायचा शौक आहे, हॉट रॉड म्हणतात. त्यांचं दुखणं हेच, पण जास्त. शोभेसाठी बॅटरी मागं डिकीत नेतात, केबल लांबते, चासी रंगवलेली, कधी बॉडीच फायबरची. फायबरमधून कसला अर्थ मिळणार?

तर आधी कान द्या. टकटकटक असा आवाज आला तर बहुतेक बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनलवर पांढरी बुरशी आलीय. सेल्फ नुसताच गरगरला आणि इंजिन हललं नाही, तर बेंडिक्स, म्हणजे सेल्फला इंजिनाशी जोडणारं दातेरी चाक, बिघडलंय. कण्हत फिरलं, तर मल्टीमीटर काढा. भरलेली बॅटरी निवांत असताना १२.६ व्होल्ट दाखवते. मग कॉइलची मधली वायर डिस्ट्रिब्युटरकडून (प्लगांना करंट वाटणारी डबी) काढून ब्लॉकला पक्की टेकवा, म्हणजे इंजिन चालू होणार नाही, आणि सेल्फ मारून बघा. साडेनऊच्या खाली कोसळली तर बॅटरीवर किंवा सेल्फवर संशय घ्या. अकराच्या आसपास राहिली आणि तरी इंजिन रडतंय, तर दोष वायरीत किंवा अर्थमध्ये. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनाच्या ब्लॉकवर ठेवून पुन्हा सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर चाचा बरोबर होते.

झपाझप फिरतंय पण पकडत नाही, तेव्हा दोनच गोष्टी : करंट आणि पेट्रोल. पेट्रोल कुठं गळत नाही ना ते बघून प्लगची वायर ब्लॉकजवळ धरा. कोरड्या फडक्यानं, नाहीतर हात झटकाल. निळी कडक ठिणगी हवी. पिवळी, मरतुकडी असेल तर डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (करंट जोडणारी-तोडणारी टोकं) घासून २० थाऊ, म्हणजे इंचाचे वीस हजारांश, गॅप ठेवा. साताऱ्याच्या पावसात डिस्ट्रिब्युटरची कॅप आतून पुसून घेतली तरी अर्ध्या गाड्या चालू होतील. पेट्रोलसाठी एअर क्लीनर काढून ॲक्सिलरेटर दाबा, कार्बोरेटरच्या तोंडात पिचकारी दिसली पाहिजे. नाही दिसली तर एसी पंपाचा, म्हणजे टाकीतलं पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा, रबरी पडदा बघा. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, त्यातलं काही आपल्याच उसाचं. जुन्या रबराला ते मानवत नाही.

राहता राहिला मे महिना. यवतेश्वरचा घाट चढून वर फोटोला थांबलात, दहा मिनिटांनी गाडी चालू होईना, तर घाबरू नका. पंपातल्या पेट्रोलची वाफ झालेली असते. पंपावर ओलं फडकं टाका आणि कासकडून येणारा वारा खात बसा. माझ्या सीटखाली त्यासाठी फडकं आणि एक बाटली कायम असते. तहान लागली तरी त्या बाटलीला हात लावू नका, ते पाणी पंपाचं आहे.