शीर, शिर आणि शिरा

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सव्वासातला चुलतभावाचा निरोप आला : 'दाढी करताना अण्णांची शिर कापली. रक्त थांबलंय. काळजी नसावी.'

अण्णा म्हणजे माझे थोरले काका. वय ऐंशीच्या पुढे, हात जरासा कापतो, पण दाढी अजून जुन्या रेझरनेच करायची हा हट्ट. ग्रुपवर पाच मिनिटांत 'अरे देवा', 'कुठल्या डॉक्टरकडे नेलं?' आणि हात जोडलेल्या बाहुल्यांची रांग लागली. मी मात्र चहाचा कप हातात धरून त्या 'शिर'च्या वेलांटीकडे बघत बसलो होतो. काका रक्तबंबाळ आणि पुतण्या वेलांट्या मोजतोय. ही खोड वाईटच, पण तीस वर्षं प्रुफं वाचून पोट भरलं की माणसाचं असं होतं.

शिर म्हणजे डोकं. शीर म्हणजे रक्तवाहिनी. भावाने लिहिलं होतं त्याप्रमाणे अण्णांचं मुंडकंच उतरलं होतं. मग ग्रुपवरच्या एकाच्याही मनात तसं कसं आलं नाही? दाढी करताना कुणी स्वतःचा शिरच्छेद करत नाही, हे झालंच. पण त्याशिवायही एक पुरावा त्या वाक्यात बसला होता. शिर असतं तर ते 'कापलं' असतं. इथे 'कापली' होतं. शीर स्त्रीलिंगी, शिर नपुंसकलिंगी. भावाची वेलांटी चुकली, पण क्रियापदाने अण्णांना वाचवलं.

तेव्हापासून मला एक नादच लागला आहे. दिसायला जुळी भावंडं असलेले शब्द शोधायचे आणि त्यांना वेगळं कोण पाडतंय ते बघायचं. शाळेत आमच्या मनावर असं ठसवलं होतं की ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की अर्थाचा अनर्थ झालाच. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे धागा. परीक्षेत दोन मार्कांना हमखास. पण सुत म्हणून मुलाला हाक मारणारा बाप मी अजून पाहिलेला नाही. रोजच्या बोलण्यातल्या खऱ्या जुळ्यांचं स्पेलिंग हुबेहूब एक असतं, आणि त्यात निम्मे तरी अंगाखांद्यावरचे निघतात.

आता बोटच घ्या. आमटीत बोट बुडालं तर चटका बसतो, भाऊच्या धक्क्यापाशी बोट बुडाली तर पेपरात बातमी येते. मान अवघडली की शेक घ्यायचा, मान मिळाला की शाल-श्रीफळ घ्यायचं. पाठ दुखते ती आपली. पाठ संपतो तो पुस्तकातला. वात आला तर गुडघे धरतात, वात आली तर समई लावायची सोय झाली. एका अक्षराचाही फरक नाही, आणि तरी दुसरी-तिसरीतलं पोरही गडबडत नाही. शेजारचं क्रियापद हळूच कानात सांगतं, हा तो नव्हे, ही ती.

आणि जिथे लिंग कामाला येत नाही तिथे सामान्यरूप धावून येतं. डोंबिवलीच्या अलीकडे कोपर नावाचं स्टेशन आहे. तिथून रोज जाणाऱ्या माणसाला विचारा : गाडी कोपरला थांबली, दरवाजातला दांडा कोपराला लागला, म्हणून मी कोपऱ्याला सरकलो. परक्याला मराठी शिकवायची वेळ आली तर मी एवढं एकच वाक्य देईन आणि बाहेर चहा प्यायला जाईन.

शिरा हा तर या घराण्यातला मूळ पुरुष. किंवा मूळ बाई म्हणा, कारण संस्कृतातली शिरा म्हणजेच रक्तवाहिनी. ती मराठीत येता येता झिजून शीर झाली. झिजली म्हणून पहिली वेलांटी लांबली. मराठीचा तो स्वभावच आहे, शेवटचं अक्षर गेलं की आधीचं पाय पसरतं. पण अनेकवचन केलं की पुन्हा आखडून शिरा. हातावरच्या हिरव्या-निळ्या शिरा. शिर मात्र जसंच्या तसं संस्कृतातून उचललेलं, म्हणून त्याची वेलांटी आहे तिथेच आखूड. आणि या दोघांच्या भांडणात तिसराच, तुपात परतलेल्या रव्याचा, केळं घातलेला शिरा पंगतीत येऊन बसतो. आत शिरा, शिरा खा, शिरा ताणून बोलू नका : तिन्ही एका दमात म्हणता येतात. तरी बेदाणे शिऱ्यात घालतात आणि सुई शिरेत, उलटं सहसा होत नाही. मालवणी माणूस 'शिरा पडो' म्हणतो तेव्हा तो शाप असतो, या तिघांपैकी एकही शिरा नसतो, एवढं मात्र परगावच्या पाहुण्याने ध्यानात ठेवावं. एका पुणेकर जावयाने ते ऐकून ताट पुढे केल्याची गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात.

आमच्या शाळेच्या दिवसांत विज्ञानाच्या पुस्तकात शिरा नव्हत्याच. हृदयाकडून रक्त नेते ती रोहिणी आणि हृदयाकडे आणते ती नीला, असं होतं. आता माझ्या वर्गात एक रोहिणी होती आणि दोन बाकं सोडून एक नीला. सर फळ्यावर हृदय काढून 'रोहिणी जाते, नीला येते' म्हणाले की मागच्या बाकांवर जे खिदळणं सुरू व्हायचं ते तास संपेपर्यंत थांबत नसे. बिचाऱ्या दोघी माना खाली घालून बसत. तरी ती नावं सुंदर होती. रोहिणी म्हणजे आकाशात वृषभ राशीतली ती तांबूस चांदणी, नीला म्हणजे कातडीखालून दिसणारा निळेपणा. पुढे पुस्तकात धमनी आली आणि रोहिणीची सुटका झाली. त्याच शाळेत मराठीच्या बाई 'चौऱ्यांशी लक्ष योनी' हे शब्द आले की आवाज उतरवून ओळ भरभर वाचून टाकत. तो शब्द आम्हाला कळला नसता; पण बाईंच्या घाईने कळला.

आता धंद्यातली गोष्ट. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मासिकाच्या आरोग्य विशेषांकाची प्रुफं माझ्याकडे आली. त्यात मूत्रपिंडांवर एका डॉक्टरांचा लेख होता. डॉक्टर जुन्या वळणाचे. मूत्रपिंड हा शब्द त्यांना चारचौघांत नकोसा वाटत असावा, म्हणून सगळीकडे 'वृक्क' लिहिलेलं. कंपोझ करणाऱ्याने हा शब्द जन्मात पाहिला नव्हता. डॉक्टरांचं अक्षर डॉक्टरांचंच. त्याने सद्‌हेतूने सगळीकडे 'वृक्ष' केलं. मी पहिला परिच्छेद वाचला : 'उन्हाळ्यात वृक्षांची विशेष काळजी घ्यावी. त्यांना पाणी कमी पडू देऊ नये.' उत्तम. दुसरा परिच्छेद : 'वृक्ष निकामी होऊ लागले तरी सुरुवातीला लक्षात येत नाही.' तेही खरंच. पर्यावरणावरचा बरा लेख आहे, भाषा जरा जड, असं मनाशी म्हणत पुढे गेलो. ठेच लागली ती तिसऱ्या परिच्छेदात : 'प्रत्येक माणसाला जन्मतः दोन वृक्ष असतात. ते पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना असतात.'

इथे मला लिंगाने दगा दिला. वृक्ष पुल्लिंगी, आणि वृक्क नपुंसकलिंगी असूनही डॉक्टरांनी तो पुल्लिंगीच चालवला होता. वाक्यं इतकी सरळ बसत होती की लाल पेन उचललंच गेलं नाही. मग कोश काढला. वृक्क म्हणजे मूत्रपिंड, वृक्ष म्हणजे झाड, आणि मधला एक क गाळला की वृक म्हणजे लांडगा. गीतेच्या पहिल्या अध्यायात भीमाला वृकोदर म्हटलं आहे तो हा, लांडग्याच्या पोटाचा, कितीही खाल्लं तरी भूक न शमणारा. तिथे एक क जास्त पडला असता तर कुरुक्षेत्रावर पौण्ड्र नावाचा शंख एका पोटाच्या विकाराच्या पेशंटने फुंकला असता.

इथे 'ध चा मा' आठवणारच. मराठीत अक्षरांवर लिहायचं आणि आनंदीबाईंना टाळायचं अशी सोय नाही, म्हणून उरकून घेतो : 1773, शनिवारवाडा, नारायणराव, 'धरावे'चं 'मारावे'. आख्यायिकाच ती. मला त्यातली वेगळीच गंमत वाटते. ती चिठ्ठी मोडीत असणार, आणि मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळतच नसत. अख्खी पेशवाई एकाच वेलांटीवर चालली. आम्ही 1962 साली साहित्य महामंडळाचे चौदा नियम केले, 1972 मध्ये त्यांत चार घातले, आणि तरी भावाने अण्णांचं डोकं उडवलंच.

त्या नियमांतला एक मला फार आवडतो. संस्कृतातून आलेल्या शब्दाची शेवटची वेलांटी एकटा असताना दीर्घ, समासात पहिला आला की पुन्हा ऱ्हस्व. म्हणून अस्थी, पण अस्थिविसर्जन. कटी, पण कटिबद्ध. आता पाणि म्हणजे हात. तो एकटा लिहायचा झाला तर नियमाप्रमाणे 'पाणी'. म्हणजे नळाला येतं ते. हात पाण्यापासून वेगळा दिसतो तो फक्त समासात, आणि लग्नपत्रिका छापणारे नेमका तिथेच त्याला बुडवतात. 'पाणीग्रहण समारंभास अगत्य यावे.' अशा लग्नाला आपली बाटली घेऊन जावं.

दंडाच्या बाबतीत मात्र भाषेने हात टेकले आहेत. बाहू तो दंड, काठी तो दंड, शिक्षा तो दंड, तिन्ही पुल्लिंगी. माझा भाचा जिमला जायला लागून दोन महिने झाले तेव्हा आरशापुढे उभा राहून म्हणाला, 'आई, दंड भरले बघ.' माझी बहीण स्वयंपाकघरातून ओरडली, 'किती घेतले? पावती दिली का?'

गेल्या रविवारी अण्णांना बघायला गेलो. हनुवटीवर पट्टी चिकटवलेली, बाकी ठणठणीत. पुढ्यात त्यांची चार वर्षांची पणती पाटी घेऊन बसलेली. अण्णा तिला अक्षरं शिकवत होते, जुन्या पद्धतीने, अवयवांसकट. ही वरची रेघ म्हणजे शिरोरेषा, अक्षराचं डोकं. क चा असा पाय मोडायचा. हा शेंडीफोड्या श. मीही भर घातली, सुटलेलं अक्षर आत घ्यायचं असलं की आम्ही कावळ्याचा पाय काढतो, काकपद. तिला ते पटलं नाही. ती पोटफोड्या ष वर अडून बसली होती. बराच वेळ त्या तिरक्या रेघेकडे बघून तिने विचारलं, 'पणजोबा, याचं पोट कुणी फोडलं?'

अण्णांनी पट्टीवरून हात फिरवला आणि म्हणाले, 'दाढी करताना झालं असेल.'