दादाचे टक्के

कामावर अंगठा तुटला तर कमाईची ताकद घटली 30 टक्के. अख्खी तर्जनी गेली तर 14. एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत राहिला तर 40. 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात हे सगळं छापलेलं आहे, अगदी पायाच्या बोटांपर्यंत. मेंदूला मार लागला तर किती, हे मात्र त्या यादीत कुठेच नाही.

माझा दादा वायरमन. लोअर परळला जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका टॉवरमध्ये सब-काँट्रॅक्टरकडे होता. 2024 मध्ये केबल ट्रे बसवताना शिडीवरून पडला, डोकं काँक्रीटवर आपटलं. कवटीच्या आत, कपाळामागच्या भागात रक्तस्राव. ऑपरेशन लागलं नाही, काही आठवड्यांत घरी आला. बोलतो, चालतो, जेवतो, क्रिकेटवर वाद घालतो. चाळीतले लोक म्हणतात, ‘देवाची कृपा, वाचला.’ वाचला हे खरंच आहे.

पण परवा वहिनी पाण्याला खाली गेली होती आणि गॅसवर बोंबील करपून कोळसा झाले. घरभर धूर. दादा दोन हातांच्या अंतरावर बसून टीव्ही बघत होता. त्याला वासच येत नाही. डोक्याला मार लागला की वासाच्या नसा तुटू शकतात, हे आम्हाला डॉक्टरांनी फार नंतर सांगितलं. आता विचार करा, वायरमनला वायर जळल्याचा वास येत नाही. मेन स्विच बंद केला की नाही, हे पाच मिनिटांनी आठवत नाही. घरातला साधा बोर्ड उघडला तर अर्थिंगची वायर हातात धरून थांबतो, आणि विचारलं की चिडतो. आधी हा माणूस आवाज चढवायचा नाही.

अशी यादीत नसलेली इजा असली की कमाईची ताकद किती टक्के घटली, ते डॉक्टरने लिहून द्यायचं असतं. सगळं घोडं इथेच अडतं. सरकारी रुग्णालयातून मिळणारा अपंगत्वाचा दाखला वेगळा आणि कमाई किती बुडाली याचा दाखला वेगळा. आम्हाला पहिल्या कागदावर 30 टक्के मिळाले. काँट्रॅक्टरचा वकील तोच आकडा धरून बसलाय.

हिशोब सांगते. दादाचा पगार 22 हजार, पण कायदा 15 हजारांपर्यंतच धरतो. त्याचे 60 टक्के म्हणजे 9 हजार. त्याला वयाच्या गुणकाने गुणायचं; 35 व्या वर्षाचा गुणक 197.06. कायमचं संपूर्ण अपंगत्व मानलं तर 17 लाख 73 हजार 540. तीस टक्के मानलं तर 5 लाख 32 हजार 62. मधले जवळपास साडेबारा लाख एका डॉक्टरच्या वाक्यावर.

म्हणून आम्ही न्यूरोसायकॉलॉजीची चाचणी करून घेतली. स्मरण, लक्ष, कामाचा क्रम लावणं, सगळं तपासतात. आणि डॉक्टरांना नुसतं ‘स्मृतीदोष’ लिहू नका म्हटलं; हा माणूस जिवंत विजेवर काम करू शकतो का, तेवढं लिहा. याला आधार आहे. प्रताप नारायण सिंग देव या खटल्यात, ज्याचा निकाल 1976 च्या निकालसंग्रहांत सापडतो, एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याचं अपंगत्व पूर्ण 100 टक्के धरलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. मग अर्ध्या आठवणीने वायरिंग कसं होईल?

सुपरवायझरने अपघात विभागात ‘बाथरूममध्ये घसरला’ असं सांगून ठेवलं होतं. मी पोचले तेव्हा नशिबाने केसपेपर लिहून पूर्ण व्हायचा होता. ज्यांच्या घरात असं काही होईल त्यांनी आधी तो कागद वाचा, बाकी रडणं नंतर. त्यानंतर काँट्रॅक्टर स्टॅम्प पेपर घेऊन घरी आला, पन्नास हजार घ्या आणि ‘यापुढे काही मागणार नाही’ यावर सही करा म्हणून. कायद्याने मिळणारा हक्क असा सोडून देणारा करार मुळात रद्दबातलच ठरतो, पण वहिनीला हे कोण सांगणार? वर ‘हेल्मेट घातलं नव्हतं’ हे पालुपद. निष्काळजीपणा पुरेसा नाही, मुद्दाम नियम मोडला हे त्यांनी सिद्ध करायचं. आणि मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व असेल तर हा बचाव चालतच नाही. काँट्रॅक्टर गायब झाला तरी ज्या मुख्य कंपनीचं काम चालू होतं तिच्याकडे मागता येतं.

दादाच्या हाताखालचा हेल्पर पडला असता तर रस्ता वेगळा. पगार 21 हजारांच्या आत असणारे ईएसआयसीत, म्हणजे सरकारी कामगार विम्यात येतात. तिथे बरा होईपर्यंत सरासरी रोजाच्या 90 टक्के, आणि कायमचं अपंगत्व राहिलं तर मेडिकल बोर्ड ठरवेल त्या प्रमाणात दरमहा रक्कम. एकाच इजेसाठी दोन्हीकडे हात पसरता येत नाही. मला विचाराल तर दरमहाचाच बरा. एकरकमी पैसा मुंबईत कुठे जातो कळत नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीय, पण आमचा अपघात त्याआधीचा, म्हणून जुनाच कायदा. दावा दोन वर्षांच्या आत लावायचा असतो, तो लावला. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळाला. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, म्हणून अर्ज वहिनीने केला. समोरचे तारखा घेतायत. घेऊ देत, रक्कम थकवली तर 12 टक्के व्याज आहे आणि कारण पटलं नाही तर 50 टक्क्यांपर्यंत दंडही.

आता भांडण आहे ते माझं आणि वहिनीचं. दादाला साक्षीला उभं करायचं की नाही? ती म्हणते दावा ऐकणाऱ्या आयुक्तांनी त्याला डोळ्यांनी बघावं. मी म्हणते त्याला विचारलं की तो छाती काढून सांगणार, ‘मला काय झालंय? उद्यापासून कामावर जातो.’ त्याला तसंच वाटतं, खोटं बोलत नाही तो. वकील म्हणतात, आधी डॉक्टरांची उलटतपासणी होऊ द्या, मग बघू.